पाळण्यातून उतरलेली

दिव्याच्या अवसेला मी घरातले सगळे दिवे घासायला काढते. त्या दुपारी समया चिंचेच्या कोळात भिजत होत्या, माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी काही हवं असलं की हे हॉलमधूनच हाक मारतात.

"बघ जरा," म्हणाले आणि मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. "तिच्यासारखं हाय."

जिवतीचं चित्र होतं.

श्रावण लागला की आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर जिवती येते. दोघी देवी, त्यांच्या अंगाखांद्यावर खेळणारी मुलं, मध्ये पाळणा. दर शुक्रवारी तिची पूजा करायची, पुरणाच्या दिव्यांनी ओवाळायचं आणि मग पोराबाळांना औक्षण. मूल दूर असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या, म्हणजे ते असेल तिथे त्याला पोचतात. लोक छापील कागद आणतात दुकानातून. आमच्याकडेही तोच असायचा. पण तनू लहान असताना एका शुक्रवारी तिच्याच हातून तांब्या कलंडला आणि कागद भिजून लगदा झाला. मी डोक्याला हात लावून बसले. तेव्हा धायरीत दुकानं कुठली? ही गेली, वहीचं पान फाडलं आणि खडूंनी जिवती काढून घेऊन आली. देवींची नाकं वाकडी, हात लांबच लांब. पण मुलं खरी खेळत होती. फक्त पाळणा रिकामा.

"बाळ कुठे गं पाळण्यातलं?" मी विचारलं.

"अगं आई, ते बाळ मीच ना. मी खाली उतरले. नाहीतर चित्र कोण काढणार?"

त्या दिवसापासून आमची जिवती तनूच्या हातची. पुढे ती चित्रकलेचं शिकली, पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागली, पण देवींची नाकं तिने कधी सरळ केली नाहीत. आणि पाळणा रिकामाच ठेवायची. मी हटकलं तर म्हणायची, "अजून काढतेय ना मी!"

तनूचं आणि तन्वीरचं कळलं तेव्हा घरात जे व्हायचं ते झालं. मुलगा वाईट नव्हता. दोनदा आला होता, चपला काढून जोडीने नीट लावून ठेवायचा. हे म्हणाले, "चपला लावून दावतोय मला." तनू निघाली त्या दिवशी दाराशी उभं राहून ह्यांनी सांगितलं, "या घरात तुझा आवाज पुन्यांदा आला न्हाई पायजे." संतापात माणूस बोलतो. पण तनू ह्यांचीच मुलगी, शब्द धरून बसणारी. तिने आवाज येऊ दिला नाही. आधी वारज्यात राहत होती. माझी बहीण तिथे बाजारात तिला भेटली होती एकदा. मग नंबर बदलला. मग वारजंही सोडलं म्हणे, कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. इंटरनेटवर तिच्या चित्रांचं पान होतं. गेली त्यानंतरही दोन श्रावण तिने त्यावर जिवती टाकली. मी मोबाइल देवघरापुढे उभा करून तिची पूजा केली. मग ते पानही बंद झालं. वारज्यात होती तोवर एकाच दिशेला अक्षता टाकल्या असत्या तरी चाललं असतं. नंतर मात्र चारी दिशा लागायला लागल्या.

आणि आता ह्यांच्या हातात हे चित्र. तीच वाकडी नाकं. तोच कच्च्या कैरीसारखा हिरवा रंग. मुलांचे ते विस्कटलेले केस. मी हात पदराला पुसले, पदर काळा झाला, आणि मोबाइल जवळ ओढला.

पाळण्यात बाळ होतं.

दुपट्यात गुंडाळलेलं, गालावर तीट लावलेलं, एवढंसं बाळ.

"अहो," मी म्हटलं, "तनूला बाळ झालं!"

"आँ?"

"अहो, ती कधीच काढत नव्हती पाळण्यात बाळ. आता काढलंय. कळवायचं होतं तिला. आवाज न येऊ देता कळवलंय तिने!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मी निसतं सारखं हाय म्हणलो."

"तुम्हाला नाही कळायचं ते. कुठून आलं हे?"

"आलं कुठनं तरी. नेटवर लई काय काय येतंय." आणि मोबाइल माझ्याच हातात सोडून हे गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, डोळे पुसत असतील. ते खरंच पुसत होते.

फोटोच्या दुकानातून चांगल्या जाड कागदावर चित्र छापून आणलं आणि श्रावण लागला त्या सकाळी भिंतीवर लावलं. माझं एक व्रत आहे. सकाळची पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. उठल्यावर अंघोळ, तुळशीला पाणी, देवपूजा, आणि मग पहिला शब्द देवाच्या नावाचा. पुष्कळ वर्षं झाली त्याला. पण त्या सकाळी जिवतीला हळदकुंकू वाहताना आतून बोलणं इतकं दाटून आलं की ओठ दातांत धरावे लागले. बाळाच्या कपाळावर कुंकवाचा अगदी बारीक ठिपका लावला. मोठा लावला तर डोळ्यांत जाईल, असं उगीच वाटलं.

माझं एक हिरवं इरकल लुगडं होतं, काठ विरलेलं. ते कापून मी कुंची शिवायला घेतली. मुलगा की मुलगी ठाऊक नव्हतं, पण हिरवा दोघांनाही चालतो. आतून मऊ धोतराचं अस्तर लावलं. ही कुंची पोचवायची कुठे, याचा विचार मी केला नव्हता. शिवून तर होऊ दे, असं म्हणत होते.

एका दुपारी मी ह्यांना म्हटलं, "माळ्यावरून पाळणा काढून ठेवता का? धुऊन पुसून ठेवीन."

आमचं शेत होतं तिथेच ही बिल्डिंग उभी राहिली. तनूचा पाळणा जुन्या घरात तुळईच्या कडीला टांगलेला होता. बिल्डरने स्लॅब टाकला तेव्हा हे रोज तिथे उन्हात उभे. पहिल्यांदा काय बघितलं असेल तर हॉलच्या स्लॅबमध्ये लोखंडी कडी नीट बसली की नाही ते. तेव्हा तनूचं कॉलेज चाललं होतं. "आत्तापास्नं?" मी हसले होते. "लागलंच की कवातरी," हे म्हणाले होते. त्या कडीला आजवर काही टांगलेलं नाही.

"काढतो की," हे आता म्हणाले. "गुडघा दुखतोय. उद्या काढतो." तो उद्या आला नाही.

मंगळवारी आमचं भजनी मंडळ असतं. मला राहवलं नाही, तनूला बाळ झाल्याचं सांगून टाकलं. नारायण पेठेतून इथे राहायला आलेल्या गोगटेबाई आमच्या पेटीवर असतात. त्यांनी पेटीचा भाता बंद केला.

"अभिनंदन हो आनंदीबाई. नाव काय ठेवलं?"

"ते अजून कळलं नाही."

"बरं. कळवलं कुणी?"

"चित्रावरून कळलं," मी म्हटलं आणि मोबाइल पुढे केला.

गोगटेबाईंनी चष्मा नाकावर घेतला. बराच वेळ पाहिलं. "आनंदीबाई, रागावू नका. हल्ली अशी चित्रं मशीन काढतं. परवा माझ्या भाच्याने मला चंद्रावर पाठवलं, नऊवारीत. तिथेही माझा पदर खांद्यावर जागच्या जागी होता, जो इथे कधी नसतो."

बायका हसल्या. मीही हसले.

"बोटं मोजा," दुसरी एक जण म्हणाली. "मशीनला बोटं येत नाहीत. सहा तरी काढतं, नाहीतर चार."

सगळ्याजणी माझ्या मोबाइलवर ओणवल्या. चित्र बोटांनी मोठं करून देवींची बोटं मोजली, मुलांची मोजली. प्रत्येक हाताला पाचच निघाली.

"झालं समाधान?" मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला होता, एरवी चढत नाही.

"पाचच आहेत," गोगटेबाई म्हणाल्या. "एक तर देवीची कृपा, नाहीतर मशीन सुधारलं." आणि त्यांनी सूर धरला.

भजनात माझं लक्ष लागलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर संस्कृती नावाची मुलगी राहते, चित्रकलेच्याच कॉलेजात शिकते. श्रावणाच्या आधी हे तिच्याकडे मोबाइल शिकायला म्हणून जात होते. रविवारी मी तिला खाली बोलावलं, पुढ्यात राजगिऱ्याचा लाडू ठेवला आणि भिंतीवरची जिवती दाखवली.

"संस्कृती, हाताने काढलेलं आणि मशीनने काढलेलं कसं ओळखायचं गं? बोटं तर बरोबर आहेत."

तिने चित्राकडे पाहिलंच नाही. फरशीकडे बघत म्हणाली, "बोटांवरून आता नाही कळत, आजी. ते प्रॉब्लेम सॉल्व्ह झालेत."

"मग कशावरून?"

तिने लाडूचा एक कण नखाने काढला आणि ताटलीतच ठेवला.

"जोड बघायचे," शेवटी म्हणाली. "म्हणजे, बांगडी मागून फिरून परत येते का. केस कुठून निघतात. एखादी गोष्ट लटकलीय, तर कशाला लटकलीय. माणूस काढतो तेव्हा त्याला माहीत असतं ना, की हे कशाला बांधलंय. त्या मशीनला माहीत नसतं. ते नुसतं शेजारी शेजारी ठेवत जातं."

"मग तू बघून सांग ना हे कसलं आहे ते."

"तुम्हीच बघा ना, आजी. प्लीज. मला क्लास आहे."

रविवारी कसला क्लास, असं मनात आलं. ती गेली. लाडू तसाच राहिला. चष्मा माझ्या हातातच होता, भिंत समोर होती. मी चष्मा डबीत ठेवला आणि कुंचीला काठ लावायला बसले.

मग शुक्रवार आला. पुरण रात्रीच शिजवून ठेवलं होतं. अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून मी जिवतीपुढे बसले. हे मागे कोचावर बसले होते, शुक्रवारी बसतात. देवींना हळदकुंकू वाहिलं, आघाड्याची माळ घातली, एकेका मुलाला ठिपका लावला. बाळापाशी आले आणि हात थांबला. चष्मा डोळ्यांवर होता. पाळण्याचे चार दोर होते. मी त्यांच्यामागून वर वर गेले. दोर एकत्र यायला हवे होते, ते आले नाहीत. वर देवीच्या मागे फुलांची वेल होती. दोर त्या वेलीत शिरले आणि फुलंच झाले.

कडी नव्हती.

तनूने खडूंनी काढलेल्या त्या पहिल्या चित्रातही कडी होती. देवीच्या डोक्यापेक्षा मोठी, काळी, गोल. खेळणं पुसट काढेल, मुलाचा पाय काढायचा विसरेल, पण कडी कधी विसरली नाही. ती त्या कडीखाली झोपलेली होती. तिला माहीत होतं, पाळणा कशाला बांधलाय.

आणि मग तिचे ते शब्द आठवले. मी खाली उतरले, नाहीतर चित्र कोण काढणार. हे बाळ अजून पाळण्यातच होतं. म्हणजे चित्र काढायला खाली कुणी उतरलंच नव्हतं.

माझं मौन होतं. पूजा अर्धी झाली होती. मी ती पुरी केली. पुरणाचे दिवे पेटवले, ओवाळलं. घंटा वाजवताना हात हलत होता तो माझाच आहे असं वाटत नव्हतं. मग अक्षता घेतल्या. उजव्या हातात तनूसाठी, डाव्यात बाळासाठी वेगळी चिमूट. या श्रावणात तशीच घेत होते. पूर्वेला टाकल्या, दक्षिणेला टाकल्या, पश्चिमेला, उत्तरेला. डावी मूठ मात्र उघडली नाही. तांदूळ घामाने तळहाताला चिकटले.

नमस्कार केला. पहिला शब्द देवाच्या नावाचा असतो. त्या दिवशी तो निघाला नाही.

"कडी न्हाई," मी म्हटलं. इतकी वर्षं शुद्ध बोलून तोंडातून ह्यांच्यासारखंच आलं.

ह्यांनी विचारलं नाही, कसली. कोचावरून उठले, माझ्याशेजारी फरशीवर बसले. गुडघा दुखतो म्हणून हे खाली बसत नाहीत कधी.

"तिचं पान शोधाय गेलो व्हतो त्या संस्कृतीकडं," म्हणाले. "घावलंच न्हाई. मागल्या साली तू दुकानातला कागद आणलास, आन् त्याच्याकडं न बघताच हळदकुंकू वाहिलंस. मी हितनं बघत व्हतो. म्हणून पोरीला म्हणलं, जुनी चित्रं हायेत मोबाइलमधी, त्यावरनं मशीनकडनं एखादं निघतंय का बघ."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगणारच व्हतो. सारखं हाय म्हणलो की मी. तर तू एकदम बाळच झालं म्हणालीस." त्यांनी नाक ओढलं. "तुझं तोंड बघितलं आन् मग माझ्याच्यानं बोलवंना."

"पाळणा रिकामा असतो तिचा. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक न्हाई व्हय! पोरीला दहा डाव सांगितलं, रिकामा काढ म्हणून. तिनं इंग्रजीत लिहिलं, मराठीत लिहिलं. ते ऐकंना. पाळणा म्हणलं की बाळ घालतंय. रिकामा पाळणा त्याला म्हाईतच न्हाई गं." त्यांनी गुडघा चोळला. "शेवटाला म्हणलं, ऱ्हाऊ दे. मलाबी… बघून बरं वाटलं."

मी रागावणार होते. तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं, स्लॅबकडे, आणि पटकन मान खाली घातली. माझा राग तिथेच विरला.

हळदकुंकू वाहिलेली जिवती मध्येच काढता येत नाही. श्रावण संपेपर्यंत ती भिंतीवर राहणार, आणि आहे तोवर पूजा करायला हवी. मी केली. उरलेल्या शुक्रवारी देवींना वाहिलं, मुलांना ठिपके लावले, त्या बाळालाही लावला. ते कुणाचंच नव्हतं. म्हणून त्याला वगळायचं, हे मला जमलं नाही. अक्षता मात्र एकाच मुठीने टाकल्या. कुंची काठ लावून झाली होती, फक्त गळ्याचे बंद लावायचे होते. ते लावले नाहीत. उसवलीही नाही. देवघराच्या खणात घडी घालून ठेवली.

मंगळवारी गोगटेबाईंना सांगितलं, "मशीनचंच होतं ते."

त्या काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी पेटीवरचं कापड काढलं, पुन्हा घातलं. "आज मला गायचं नाही," म्हणाल्या. "बसू या नुसत्या." आणि आम्ही बसलो.

पिठोरी अवसेला श्रावण संपतो. त्या संध्याकाळी आई खीर-पुरीचं वाण दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, अतिथी कोण? मागे उभं असलेलं मूल म्हणतं, मी आहे, आणि वाण घेतं. आईने मागे वळून बघायचं नसतं. तनू लहान असताना विचारायच्या आतच मी मी करून ओरडायची आणि खीर माझ्या मानेवर सांडायची. ती गेल्यापासून मी विचारते, थोडा वेळ थांबते, आणि वाण तुळशीपुढे ठेवते.

यंदाही दिवा लावला. जिवतीचा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जन करायचा होता म्हणून तिला शेवटचा नमस्कार केला. देवघराकडे तोंड करून बसले, वाटी उचलली, डोक्यावरून मागे धरली.

"अतिथी कोण?"

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. वरच्या मजल्यावर संस्कृतीच्या घरी कुकरची शिट्टी झाली. माझे हात भरून आले. थोडा वेळ थांबायचं, तेवढी थांबले. आता खाली घ्यावी, म्हणून कोपरं वाकवली.

मागे फरशीवर गुडघा टेकल्याचा आवाज आला. मग खाकरणं.

"तनुजा," हे म्हणाले. ती गेल्यापासून ह्यांनी उच्चारलं नव्हतं ते नाव. आवाज फाटला, पुन्हा खाकरले. "मी तनुजा हाय."

वाटीचं वजन माझ्या हातांवरून उतरलं. आत चमचा किणकिणत होता, थांबत नव्हता. खीर थोडी सांडली माझ्या मानेवर, गरम. मी पुसली नाही, आणि मागेही बघितलं नाही.